गोंदिया-भंडाऱ्याकडची हातविडी: कट्टा घेताना काय पाहायचं

विडीचा कट्टा, म्हणजे कागदात बांधलेली विड्यांची जुडी, हातात आला की आधी पान बघायचं. नाव, लेबल, धाग्याचा रंग हे सगळं नंतर. सिगारमध्ये आतली भर तंबाखूची, ती बांधून धरणारं पान तंबाखूचं आणि वरचं आवरणही तंबाखूचंच. त्यामुळे तिथं तंबाखूची जात आणि तिचा मुलूख यावर तासन् तास बोलता येतं. विडीत तंबाखू असते चिमूटभर, साधारण 0.2 ग्रॅम. बाकीचं सगळं टेंभुर्णीच्या पानावर. धूर कडवट का लागला, दोन झुरक्यांत विझली का, एकाच बाजूनं जळत का गेली, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा पानात सापडतं. गोंदिया, तिरोडा, साकोली, लाखनी, पवनी या पट्ट्यात पानठेल्यावर आणि आठवडी बाजारात जी हातविडी मिळते, तिची चव राखणारी गोष्टही हीच: पानाचं जंगल जवळ आहे आणि घराघरांत वळणारे हात तयार आहेत. पण म्हणून दिसेल तो कट्टा घ्यावा असं नाही. एकाच ठेल्यावर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन कट्ट्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

चांगलं पान फिक्कट खाकी रंगाचं, जराशी हिरवी झाक असलेलं, वहीच्या कागदासारखं पातळ. शिरा बारीक. मधली जाड शीर कापताना वगळलेली. कट्ट्याचा कागद वरून थोडा उकलला की विड्यांची दुमडलेली तोंडं दिसतात. तिथं पान काळपट, तेलकट किंवा ठिपक्याठिपक्यांचं दिसलं तर कट्टा परत ठेवावा. हा दोष ठेल्यावर लागत नाही, तो जंगलातूनच येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेंभुर्णीच्या झुडपांची बेटकटाई होते, म्हणजे जुनी झुडपं जमिनीलगत छाटतात, की नवा फुटवा जोमानं यावा. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात पानं तोडतात. पहाटे जंगलात जायचं, दुपारी घरी सावलीत बसून 70 पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. महाराष्ट्रात 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात, म्हणजे 70 हजार पानं. फळीवर हे पुडे उघड्या जमिनीवर ओळीनं मांडून वाळवतात, मध्ये उलटतात, आणि गोणीत भरण्याआधी पान मोडू नये म्हणून वर पाणी शिंपडतात. पाणी कमी पडलं तर गोणीतच पानाचा चुरा होतो. जास्त झालं तर आत उबारा धरून पान काळं पडतं आणि त्याला बुरशीचा वास येतो. मे महिन्यातल्या अवकाळी पावसानं किंवा गारपिटीनं पुडे भिजले तर तेच ठिपके पुढं विडीवर दिसतात. तांबूस कोवळी पानं आधी तोडली तर वाळल्यावर आकसतात आणि वळताना फाटतात. जून झालेलं पान चामड्यासारखं असतं, तोंडाची दुमड धरत नाही, सारखं उलगडत राहतं.

या पानाची दुसरी बाजूही इथल्या लोकांना ठाऊक आहे. नवा फुटवा लवकर यावा म्हणून काही ठिकाणी जंगलाला आग लावतात आणि तो वणवा कोसभर पसरतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं फांद्यांची छाटणी आणि आग या दोन्हींमुळे तेंदूपत्ता, म्हणजे हेच टेंभुर्णीचं पान, तोडणंच बंद केलं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या बाकीच्या मालावर, गावाचा हक्क मान्य केला, म्हणून हा निर्णय गाव घेऊ शकलं. पान घेणाऱ्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता वळण. मांडीवर सूप, सुपात एका कडेला भिजवून पत्र्याच्या साच्यावर कापलेली पानं ओल्या फडक्यात, दुसऱ्या कडेला जर्दा. जर्दा म्हणजे उन्हात वाळवलेली तंबाखू, रव्यासारखी जाडसर कुटलेली. ती प्रामुख्यानं गुजरातच्या चरोतर भागातून आणि निपाणीकडून येते. डाव्या हातावर पान, उजव्या हातानं जर्दा पसरायचा, एका टोकाकडं जरा जास्त. मग अंगठा आणि तर्जनीत एकच गुंडाळी, रुंद तोंड नखानं किंवा लोखंडी पट्टीनं आत दुमडायचं, निमुळत्या टोकाकडं धाग्याचे फेरे. आठ तासांत हजार विड्या वळायच्या तर एका विडीला अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ मिळतो. या अर्ध्या मिनिटात तीन चुका होऊ शकतात. जर्दा मधोमध कमी पडला तर विडी पोकळ होते आणि आग अर्ध्यावर येऊन बसते. गुंडाळी फार आवळली तर ओढताना गाल आत जातात पण धूर येत नाही. जर्द्यातल्या काड्या चाळून काढल्या नसतील तर पेटलेली काडी ठिणगी होऊन शर्टावर पडते आणि भोक पाडते.

वळलेली विडी सट्टेदाराकडं, म्हणजे विड्या वळवून घेणाऱ्या ठेकेदाराकडं, जाते. तिथं मोजणी होते आणि नापास विड्या बाजूला काढतात, त्यांना छाट म्हणतात. मजुरी हजारी दरानं मिळते आणि छाटीचे पैसे कापले जातात, म्हणजे खराब पानाचा भुर्दंड आधी वळणाऱ्या बाईवर पडतो आणि मग ओढणाऱ्यावर. विडी आणि सिगार कामगारांसाठी देशात एकच कायदा होता, 1966 चा, नोव्हेंबर 2025 मध्ये तो नव्या कामगार संहितेत विरला, आणि त्या कायद्याचा खरा उपयोग घरबसल्या वळणाऱ्या बायकांनाच व्हायला हवा होता. कामठीत बाबू हरदास यांनी स्वातंत्र्याच्या आधीच विडी कामगारांची संघटना उभी केली, ती याच मोजणीतल्या आणि मजुरीतल्या अन्यायासाठी. म्हणून कट्ट्यात चांगली विडी निघाली तर तिचं श्रेय लेबलवरच्या चित्राला देऊ नये.

मोजणीनंतर भट्टी. जाळीच्या ट्रेमध्ये विड्या रचून मंद आचेवर शेकतात. पान ओलं असतानाच वळलेलं असतं, ती ओल इथं जाते आणि दुमड कायमची बसते. भट्टी कमी लागली तर विडी मऊ राहते, आठवड्याभरात बुरशी धरते. जास्त लागली तर पान तडकतं. ठेल्यावर उभ्या-उभ्या हे तपासायचं तर सोपी रीत आहे. एक विडी कानाजवळ धरून अंगठा-तर्जनीत हलकी फिरवायची. बारीक चुरचुर आली पाहिजे. काहीच आवाज नाही म्हणजे ओली. काडी मोडल्यासारखा आवाज आला तर करपलेली, आणि तिच्या अंगावर उभी चीर दिसेलच. मग धाग्यापासून तोंडापर्यंत दोन बोटांनी दाबत जायचं. बोट कुठं आत बसलं तर तिथं पोकळी, कुठं गाठ लागली तर तिथं धूर अडणार. दुमड अंगठ्यानं खरवडून बघावी. चांगली दुमड निघत नाही.

दुकानदार कट्टा उघडू देत नसेल तर दोष त्याच्यावर ढकलू नका. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुटी विडी-सिगरेट विकायला बंदी आहे, त्यामुळे उघडलेला कट्टा त्याच्या गळ्यात पडतो. आधी पैसे द्या, मग त्याच्यासमोर उघडा, आणि माल खराब निघाला तर पुढच्या वेळी दुसरा मागा. कट्टा उघडताना बाहेरची फेरी बघून समाधान मानू नये. बाहेर लांबसडक, सारख्या विड्या आणि मध्यभागी आखूड, वाकड्या छाटीच्या, ही लबाडी जुनी आहे. मधली एक उपसून बघावी. कागदावर छापलेली संख्या आणि आतली संख्या एकदा तरी मोजावी. चालणाऱ्या मालाची नक्कल बाजारात भरपूर येते. नकलेच्या लेबलावर रंग पसरलेला असतो, बनवल्याचा महिना-वर्ष नसतो किंवा पुसट असतो, आणि सगळ्यात पटकन कळणारी खूण म्हणजे धागा. नेहमीच्या रंगाचा पण जाड, सुटा पडणारा.

मापांत म्हणाल तर मधली विडी घ्यावी, हे स्पष्ट सांगतो. लांब-जाड विडी वावरात काम करणाऱ्याला बरी वाटते, कारण खाली ठेवून परत उचलली तरी तोंडाशी निखारा टिकून असतो. पण तिच्यात पान जास्त गुंडाळलेलं असतं आणि शेवटचा भाग नुसता पानाचा धूर देतो. बारीक विडी दिसायला नीटस, पण पाच-सहा झुरक्यांत धाग्यापाशी येते आणि ओठाला चटका देते. मधलीत जर्दा आणि पान यांचं प्रमाण बरोबर जमतं. पहिले दोन झुरके पानाचे, जरा तुरट, नंतर तंबाखूची भाजकी चव, आणि धाग्याच्या अलीकडं बोटभर जागा राहिली की टाकून द्यायची. धाग्यापर्यंत ओढण्यात काटकसर दिसते, पण सगळी कडवट ओल तिथं साठलेली असते.

पेटवायचीही रीत आहे. निमुळत्या टोकातून आधी एक हलकी फुंकर मारायची, आतली भुकटी तोंडाकडून निघून जाते, नाहीतर ती पहिल्याच झुरक्याला जिभेवर येते. आगपेटीची काडी ओढली की गंधकाचा वास जाऊ द्यायचा, मग रुंद तोंड ज्योतीच्या कडेला धरून फिरवत पेटवायचं. ज्योत मधोमध घुसवली तर आतला जर्दा जळतो, पान मागं राहतं आणि विडी एका अंगानं जळत जाते. तसं झालंच तर मागं राहिलेली बाजू खाली करून धरावी आणि एक-दोन सावकाश झुरके घ्यावेत, बरोबरीला येते. जाड शीर त्या बाजूला असेल तर मात्र येत नाही.

आणि विडी मध्येच का विझते? सिगरेटचा कागद सच्छिद्र असतो आणि जळत राहील अशाच बेतानं बनवलेला असतो. टेंभुर्णीच्या पानातून हवा जवळपास जात नाही. म्हणून विडी हातात धरून गप्पा मारत बसलं की ती विझणारच, तिला घडीघडी ओढावं लागतं. याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या. सिगरेटपेक्षा तंबाखू कितीतरी कमी असूनही विडी ओढणाऱ्याच्या छातीत निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी जात नाही, उलट जास्त जातं, कारण झुरके जास्त आणि खोल लागतात. सिगारचा धूर तोंडात घोळवून सोडायची रीत आहे, विडीचा धूर तसा कुणी सोडत नाही. 'झाडाचं पान आहे, कागद नाही, म्हणून हलकी' हे बाजारात ऐकू येणारं वाक्य साफ खोटं आहे. तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग आणि दम्यासारखा न सुटणारा खोकला यांत विडीचा वाटा मोठा आहे. जो ओढत नाही त्यानं हे वाचून सुरू करू नये. जो ओढतो त्याला सोडायची असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

साठवणीत सिगार आणि विडी एकमेकींच्या अगदी उलट. सिगारला ओल लागते, 65 ते 70 टक्के आर्द्रता, म्हणून तिला लाकडी पेटी. विडीला कोरड लागते. विदर्भात याचा फार फरक पडतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की उघडी ठेवलेली सिगार दोन-तीन दिवसांत तडकते. कुणी लग्नाला पुण्या-मुंबईहून सिगार आणलीच तर रबरी कडा असलेल्या घट्ट डब्यात, आर्द्रता राखणाऱ्या छोट्या पाकिटासह ठेवावी आणि डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. कुलरसमोर उघडी ठेवली तर ओल एकदम चढते आणि चार दिवसांत पांढरी बुरशी येते. फ्रिजमध्ये ठेवली तर ती कोरडीही पडते आणि तिला कालच्या भाजीचा वासही लागतो. तांदळाच्या कोठीत तर अजिबात नको, तांदूळ ओल ओढून घेतो.

विडीसाठी मात्र तीच तांदळाची कोठी उत्तम. पावसाळ्यात कट्टा घट्ट झाकणाच्या डब्यात मूठभर कोरड्या तांदळासोबत ठेवावा, तांदूळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून. रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाण्यात उभं राहायचं असतं, तेव्हा खिशातला कट्टा घामानं आणि पावसानं दुपारपर्यंत मऊ पडतो. दिवसाला लागतील तेवढ्याच चार-पाच विड्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्याव्यात, अख्खा कट्टा नेऊ नये. ओली झालेली विडी चुलीच्या वैलावर, आचेपासून वीतभर लांब, अर्धा तास ठेवली की परत चुरचुरते. निखाऱ्यावर धरून घाईनं सुकवली तर पान वरून करपतं आणि आत ओल तशीच राहते. एकदा बुरशी धरली तर सुकवून उपयोग नाही, फेकून द्यावी. दिवाळी ते होळी हा विडीचा खरा काळ, हवा कोरडी पण जाळणारी नाही.

खरेदीला किराणा दुकान सगळ्यात भरवशाचं. माल बंद पेटीत, पोत्यांजवळ कोरड्या जागी असतो. पानठेल्यावर विडी ओल्या फडक्यातल्या पानांना लागून ठेवलेली असते, पाण्याची बादली पायाशी, खर्र्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा, आणि चुन्याचा वास भोवती, आणि विडीचं पान हे सगळं शोषून घेतं. ठेल्यावर घ्यायचाच असेल तर पुढच्या फळीवरचा नको, मागच्या डब्यातला मागावा. आठवडी बाजारात आणि दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, तंबाखूवाले पाल टाकून बसतात. त्यांच्याकडं माल ताजा आणि खप मोठा, पण दुपारच्या उन्हात पडलेला कट्टा तडकलेला निघतो. तिथं सकाळीच घ्यावा. शाळेपासून 100 यार्डांत विक्रीला बंदी आहे आणि 18 वर्षांखालच्या पोराच्या हातात कट्टा द्यायलाही. 'बाबांनी मागवला' म्हणून पोराला पाठवू नये.

ओढायची जागा हा आता खरा प्रश्न आहे. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, दवाखाना, ग्रामपंचायत, तहसील, शाळा, चहाचं हॉटेल या सगळ्या सार्वजनिक जागा ठरतात आणि 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं 200 रुपयांपर्यंत दंड आहे. हॉटेलच्या बाकड्यावर बसून चहाबरोबर विडी, हे चित्र डोळ्यांत बसलेलं असलं तरी आत पेटवू नये, दंड हॉटेलवाल्यालाही होऊ शकतो. नागपुरात 30 किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलात आणि 30 किंवा अधिक माणसांच्या बैठकीच्या उपाहारगृहात धूम्रपानाची वेगळी जागा ठेवायला कायद्यानं मुभा आहे, आणि सिगार ओढणाऱ्याला शहरात तोच आधार. तिथं विडी काढली तर कुणी अडवायला नको, पण सिगारच्या जाड धुरात विडीची चव लागत नाही. हुक्का पार्लरना मात्र राज्यात 2018 पासून बंदी आहे.

गावात खरी जागा तीनच. आपलं अंगण, पोरंबाळं आणि म्हातारी माणसं आत असताना. वावराचा धुरा, म्हणजे बांध. आणि भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांची पाळ, जिथं संध्याकाळी वारा पाण्यावरून येतो आणि धूर कुणाच्या अंगावर जात नाही. झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसायचं तर विडीसाठी मंडपाबाहेर यावं, अंक संपेपर्यंत थांबून. मंडपात माणसं खेटून बसलेली असतात, खाली तणस अंथरलेली असते आणि वर कापड.

जंगलात मात्र नाहीच. मार्च ते जून टेंभुर्णीचा, मोहाचा, सागाचा पाचोळा गुडघाभर साचतो आणि राखीव जंगलात विस्तव नेणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. नवेगाव-नागझिऱ्याच्या वाटेवर गाडीच्या खिडकीतून थोटूक टाकणारा माणूस पुढच्या वळणावर विसरतो, पाचोळा विसरत नाही. धानाच्या पुंजण्याजवळ, तणशीच्या ढिगाजवळ, वऱ्हाडाकडं असाल तर कापसाच्या गाडीजवळ आणि जिनिंगच्या आवारात कट्टा खिशातून काढूच नये. विडी विझल्यासारखी दिसते तेव्हाही दुमडीच्या आत कणभर निखारा जिवंत असू शकतो. थोटूक पायाखाली नुसतं चिरडलं तर पान फाटतं आणि तोच निखारा मोकळा होतो. दगडावर तोंड दाबून घासावं, मग ओल्या मातीत पुरावं. बांधीत असाल तर सरळ पाण्यात बुडवून खिशातल्या रिकाम्या आगपेटीत ठेवावं.